आधी मोजणी, मग दुरुस्ती : चीनच्या जुन्या वास्तू आणि बागा जपण्यामागची पार्श्वभूमी

चीनमधलं एखादं जुनं देऊळ 'जपलं' असं म्हणतो तेव्हा त्यातलं नेमकं काय जपलेलं असतं? दगडी लेण्याच्या बाबतीत उत्तर सोपं आहे : तोच दगड. लाकडी इमारतीचं तसं नसतं. कौलं अधूनमधून उतरवावी लागतात, वळचणीचे वासे कुजतात आणि बदलले जातात, खांबाचा पाय ओलीने गेला की तेवढा कापून नवा तुकडा जोडला जातो. हजार वर्षं उभ्या असलेल्या देवळात मूळ लाकूड किती उरलं, हे तुळईगणिक तपासावं लागतं. अशा इमारतीची ओळख दोन गोष्टींत साठलेली असते : भागाभागांच्या मापांतलं प्रमाण आणि सांध्यांची घडण. ज्याला ही दोन्ही वाचता येत नाहीत, त्याने चांगल्या हेतूने केलेली दुरुस्तीसुद्धा इमारतीचं नुकसान करते.

शंभर वर्षांपूर्वी हे वाचन चीनमध्ये जवळजवळ कुणालाच येत नव्हतं. सुतारांच्या घराण्यांकडे आपापल्या काळची रीत होती, आठशे वर्षांपूर्वीची नव्हती. विद्वानांच्या लेखी बांधकाम हा अभ्यासाचा विषयच नव्हता. १९१९ ते १९३७ या काळात मोजक्या माणसांनी ही विद्या परत मिळवली. संरक्षित वास्तूंच्या आजच्या याद्या, कायदे आणि दुरुस्तीचे नियम त्या कामावर उभे आहेत. तिथवर पोचायला मात्र आधी थेट बाराव्या शतकात जावं लागतं.

हिशेब तपासण्यासाठी लिहिलेला ग्रंथ

सोंग राजवटीच्या काळात, ११०३ मध्ये, 'यिंगझाओ फाशी' हा ग्रंथ सरकारी आज्ञेने छापला गेला. त्याचा कर्ता ली जिए हा सरकारी बांधकाम विभागातला अधिकारी होता. १०९१ मध्ये तयार झालेली आधीची नियमावली निरुपयोगी ठरली होती. तिच्यात मापांचा पक्का आधार नव्हता आणि कंत्राटात लाकूड, मजुरी फुगवून दाखवायला भरपूर वाव होता. १०९७ मध्ये ली जिएवर नव्याने लिहिण्याचं काम सोपवलं गेलं आणि ११०० मध्ये त्याने ते पुरं केलं. ग्रंथाचे ३४ भाग आहेत. त्यातल्या ३,५५५ कलमांपैकी ३,२७२ कलमं जुन्या पोथ्यांतून उचललेली नाहीत, ती कारागिरांना विचारून लिहिली आहेत. ग्रंथाचं खरं मोल इथे आहे. दगडकाम, सुतारकाम, कौलं, रंग, विटा अशा तेरा प्रकारच्या कामांचे नियम, प्रत्येक कामाला लागणारी मजुरी, लागणारं साहित्य आणि शेवटी आकृत्या, असा त्याचा क्रम आहे.

सुतारकामाचा सगळा हिशेब एका मापावर चालतो. खांबाच्या डोक्यावर छताचा भार झेलणारा आडव्या-उभ्या तुकड्यांचा जो गुच्छ असतो, त्याला दौगोंग म्हणतात. आपल्या वाड्यातल्या खांबावरच्या हस्ताचं काम तो करतो, पण अनेक थरांत. त्यातल्या आडव्या हाताचा छेद म्हणजे 'त्साय'. त्याची उंची १५ आणि रुंदी १० भाग धरतात. त्या एका भागाला 'फेन' म्हणतात. खांबाची जाडी, तुळईची उंची, वाशाचा व्यास हे सगळं फेनमध्ये सांगितलेलं असतं. त्सायचे आठ दर्जे आहेत. पहिल्या दर्जात तो ९ त्सुन उंच आणि ६ त्सुन रुंद, आणि तो नऊ ते अकरा खणांच्या दालनासाठी. आठव्यात ४.५ बाय ३ त्सुन, लहानशा मंडपासाठी. (त्या काळचा एक त्सुन साधारण ३.१ सेंमी.) मालकाने दालनाचा दर्जा सांगितला की सुतार लाकडाची यादी न अडखळता करू शके, आणि तपासनीस ती पडताळू शके. ३ : २ हे प्रमाणही विचार करून घेतलेलं आहे. गोल ओंडक्यातून वाकण्याला चांगलं तोंड देणारी आयताकृती तुळई काढायची, तर छेद याच्या जवळपास ठेवावा लागतो.

दुरुस्ती करणाऱ्याने या ग्रंथातले आणखी तीन नियम तरी पाठ ठेवायला हवेत. एक, बाहेरचे खांब सरळ उभे नसतात. दर्शनी बाजूला ते शंभरात एक इतके आत कललेले ठेवतात. दोन, खांब एका उंचीचे नसतात. मधल्या खणापासून कोपऱ्याकडे ते वाढत जातात. तीन खणांच्या दालनात कोपऱ्याचा खांब मधल्यापेक्षा २ त्सुन जास्त उंच, पाच खणांत ४, सात खणांत ६. छताची कड दोन्ही टोकांना अलगद उचललेली दिसते ती यामुळे. तीन, छताची वक्ररेषा नजरेने काढलेली नसते. मोठ्या दालनात पुढच्या आणि मागच्या टोकाच्या आडव्या तुळयांमधलं अंतर मोजून आढं त्याच्या एक तृतीयांश उंचीवर धरायचं. आढ्यापासून कडेपर्यंत सरळ रेषा ओढून आढ्याखालची पहिली तुळई एकूण उंचीच्या दशांशाने खाली घ्यायची. त्या नव्या बिंदूपासून पुन्हा रेषा ओढून पुढची विसाव्या भागाने, मग चाळिसाव्या भागाने.

हे माहीत नसलेला गवंडी किंवा इंजिनिअर ओळंबा सोडतो, खांब 'कललेला' सापडतो आणि तो सरळ करून टाकतो. वरचा प्रत्येक सांधा मग थोडा थोडा उघडतो.

नानजिंगच्या ग्रंथालयातली प्रत

मधल्या शतकांत या ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती काही संग्रहांत राहिल्या, पण तो वापरातून गेला. छिंग राजवटीत १७३४ मध्ये बांधकामाची नवी नियमावली निघाली. तिचे भाग ७४, त्यात २७ प्रकारच्या इमारती, आणि मापाचं एकक वेगळं : दौगोंगच्या खालच्या ठोकळ्यातल्या खाचेची रुंदी. खांबाची जाडी अशा सहा खाचांइतकी. राजधानीच्या कारागिरांना हेच तोंडपाठ होतं. राजवाड्याचे आराखडे दोनशेहून अधिक वर्षं लेइ घराण्याकडे होते. त्यांची रेखाटनं आणि पुठ्ठ्याचे नमुने मोठ्या संख्येने शिल्लक आहेत, आणि २००७ मध्ये युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृतिनोंदीत दखल घेतली.

१९१९ मध्ये झू चिचिएन यांना नानजिंगच्या ग्रंथालयात 'यिंगझाओ फाशी'ची हस्तलिखित प्रत दिसली. झू राजकारणी होते, गृहमंत्री राहिलेले. बीजिंगमधलं शाही देवस्थान १९१४ मध्ये सार्वजनिक बाग म्हणून खुलं करणं आणि १९१५ मध्ये झेंगयांगमन वेशीची फेररचना ही त्यांचीच कामं. त्यांनी प्रत छापून घेतली, आणि १९२५ मध्ये अधिक शुद्ध आवृत्ती निघाली. तिची एक प्रत विचारवंत लियांग चिचाओ यांनी अमेरिकेत वास्तुकला शिकणाऱ्या मुलाला, लियांग सिचेंगला, पाठवली. ती वाचून त्याला काहीही उमगलं नाही. आकृत्या होत्या, पण कोणता शब्द कोणत्या तुकड्यासाठी, हे सांगणारं कुणी नव्हतं.

१९३० मध्ये झूंनी बीजिंगमध्ये चिनी वास्तुकला संशोधनाची संस्था सुरू केली, 'यिंगझाओ श्वेशे'. पुढच्या वर्षी लियांग तिथे आले. बांधकामाच्या रीतींचा विभाग त्यांच्याकडे आणि कागदपत्रांचा विभाग ल्यू दुनझेन यांच्याकडे होता. लियांग यांची पत्नी लिन हुइयिन त्याच कामात बरोबरीने होती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने बाई म्हणून तिला वास्तुकलेत प्रवेश नाकारला होता. तिने ललितकलेची पदवी घेतली आणि वास्तुकलेचे वर्ग केले. वास्तुकलेची पदवी तिला २०२४ मध्ये, मरणोत्तर, मिळाली. (१९२४ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर बीजिंगला गेले तेव्हा त्यांच्यासोबत दुभाषी म्हणून वावरणारी आणि 'चित्रा' नाटकात चित्रेची भूमिका करणारी तरुणी ती हीच.)

लियांगनी उलट्या टोकाने सुरुवात केली, आणि ती योग्य होती. आधी जिवंत कारागीर. राजवाड्यात काम केलेल्या सुताराला आणि रंगाऱ्याला सोबत घेऊन, १७३४ ची नियमावली हातात धरून, उभ्या इमारतीतला एकेक तुकडा ओळखायचा. छिंग काळची भाषा पक्की झाल्यावर मागे मागे सरकायचं, म्हणजे त्याहून जुन्या इमारती शोधून त्या मोजायच्या आणि त्यांच्या मदतीने ११०३ चा ग्रंथ उलगडायचा. ग्रंथावरून इमारत कळते आणि इमारतीवरून ग्रंथ. दोन्ही एकत्र नसतील तर दोन्ही मुके.

मोजणी कशी होत असे

पहिली मोठी मोजणी एप्रिल १९३२ मध्ये झाली, बीजिंगच्या पूर्वेला जीश्यान इथल्या दुले मंदिराची. तिथलं ग्वानयिन दालन ९८४ सालचं आहे, आणि आत सुमारे १६ मीटर उंचीची मातीची मूर्ती मजल्यांच्या मधल्या पोकळीतून वर जाते. त्याच वर्षी बाओदीतलं ग्वांगजी मंदिर (१०२५) मोजलं गेलं, आणि सप्टेंबर १९३३ मध्ये यिंगश्यानचा लाकडी मनोरा (१०५६), उंची ६७ मीटरहून अधिक. कळसाची साखळी धरून लियांग वर चढले, कारण कळसाचं माप खालून घेता येत नव्हतं.

कामाचा क्रम ठरलेला होता. आधी छायाचित्रं. मग जमिनीलगत खांबांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची अंतरं, आणि तीच अंतरं खांबांच्या डोक्याशी पुन्हा, कारण खांब कललेले असल्याने दोन आकडे वेगळे यायला हवेत. ते सारखे आले तर कधीतरी कुणीतरी खांब 'सरळ' केलेत असं समजायचं. त्यानंतर दौगोंग : खांबावरचा, दोन खांबांच्या मधला आणि कोपऱ्याचा, असा प्रत्येक प्रकारचा एकेक गुच्छ तुकड्या-तुकड्याने. यिंगश्यानच्या मनोऱ्यात असे ५४ प्रकार आहेत. त्सायचं माप अनेक जागी घ्यायचं, कारण लाकूड आटतं आणि दुरुस्तीचे तुकडे निराळ्या मापाचे असतात. वारंवार येणारा आकडा मूळचा. मग छपराच्या पोकळीत शिरून आडव्या तुळयांच्या उंची. सगळ्यात शेवटी लेख : तुळईवरची शाई, शिलालेख, घंटा, आणि जिल्ह्याच्या जुन्या नोंदी. लेख शेवटी ठेवण्याचं कारण असं की देवळातला शिलालेख 'अमुक साली बांधलं' म्हणतो तेव्हा तो त्या जागेवरच्या पहिल्या देवळाबद्दल बोलत असू शकतो. लाकूड काय सांगतं ते आधी ठरलेलं असलं की लेखाची दिशाभूल होत नाही.

काळ ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे दौगोंगचा आकार. नवव्या शतकात तो खांबाच्या उंचीच्या निम्मा असतो आणि खरोखर भार पेलतो. छिंग काळापर्यंत तो इतका लहान आणि दाट होतो की त्याचं काम मुख्यतः शोभेचं उरतं.

बाओदीचं दालन १९४० च्या दशकात पाडलं गेलं. १०२५ सालची ती इमारत आज आपल्याला माहीत आहे ती फक्त १९३२ च्या मोजणीमुळे.

एक जागा मात्र रिकामी होती. तांग राजवटीची (६१८–९०७) एकही लाकडी इमारत सापडलेली नव्हती. जपानी अभ्यासकांचं म्हणणं होतं की ती चीनमध्ये उरलेलीच नाही, ती बघायची तर जपानमधल्या नाराला या. तोवर लियांगच्या हाती तांगकालीन दालनाचे पुरावे होते ते चित्रांतले. त्यातला एक शिआनच्या मोठ्या हंस-मनोऱ्याच्या दारावरच्या दगडी पट्टीत कोरलेला आहे, खांब, दौगोंग आणि छतासकट. हा मनोरा मुळात ६५२ मध्ये उभारला तो श्वेनझांगने, म्हणजे आपल्या ह्युएनत्संगाने, पुलकेशीच्या महाराष्ट्राचं वर्णन लिहून ठेवणाऱ्या त्याच भिक्षूने. दुसरा पुरावा वायव्य चीनमधल्या दुनह्वांगच्या बौद्ध लेण्यांतल्या ६१ क्रमांकाच्या गुहेतल्या भित्तिचित्रात होता. त्यात शान्शी प्रांतातल्या वूताई पर्वतावरची देवळं नावानिशी काढलेली आहेत. त्यात फोगुआंग मंदिराचं नाव आहे, आणि ते पर्वताच्या मुख्य यात्रामार्गापासून दूर पडतं. लियांगचा तर्क असा : यात्रेकरू आले की दानाचा पैसा येतो, पैसा आला की जुनं पाडून नवं बांधलं जातं; तेव्हा जुनं शोधायचं तर जिथे कुणी जात नाही तिथे.

जून १९३७ च्या अखेरीस लियांग, लिन आणि दोन सहकारी खेचरांवरून तिथे पोचले. पूर्वेचं दालन सात खणी, ३४ मीटर रुंद. छताची कड भिंतीच्या सुमारे चार मीटर पुढे आलेली. त्सायची उंची साधारण ३० सेंमी, म्हणजे सोंग ग्रंथातल्या पहिल्या दर्जापेक्षाही मोठी. छपराच्या पोकळीत वटवाघळं, धूळ आणि ढेकूण यांच्यात काही दिवस माप घेणं चाललं. आढ्याखाली उलट्या 'व्ही'सारखे दोन तिरके टेके सापडले, मधला उभा खुंट नाही. ही रचना त्यांनी चित्रांतच पाहिली होती. तुळईवरची पुसट शाई पहिल्यांदा लिनला दिसली. परांची बांधून, तुळया धुऊन अक्षरं वाचली तेव्हा दान देणाऱ्या निंग गोंगयू या बाईचं नाव निघालं. अंगणातल्या दगडी स्तंभावरही तेच नाव होतं, आणि साल ८५७. मापांनी जो काळ सुचवला होता, त्यावर लेखाने शिक्कामोर्तब केलं. तिथून निघाल्यावर काही दिवसांनी त्यांना कळलं की ७ जुलैला जपानशी युद्ध सुरू झालंय.

पुरात भिजलेली रेखाटनं आणि पडलेल्या वेशी

संस्था दक्षिणेला कुनमिंगला आणि १९४० मध्ये सिचुआनमधल्या लिझुआंग या खेड्यात गेली. नेता न येणारी रेखाटनं आणि काचेच्या निगेटिव्ह तिएनचिनमधल्या एका बँकेच्या तळघरात ठेवल्या होत्या. १९३९ च्या पुरात तळघर पाण्याखाली गेलं. जे वाचलं ते सुकवून, नकला करून जपावं लागलं. त्याच तळघरात तोंग जून यांचं दक्षिणेकडच्या बागांवरचं हस्तलिखितही होतं, तेही भिजलं. त्याबद्दल पुढे.

जपानच्या ताब्यातल्या बीजिंगमध्येही काम थांबलं नाही, आणि ही गोष्ट पुरेशी सांगितली जात नाही. शहर लढाईत जळेल अशी झूंना भीती होती. त्यांच्या पुढाकाराने १९४१ पासून झांग बो या वास्तुरचनाकाराने विद्यार्थ्यांना घेऊन शहराच्या मध्य-अक्षावरच्या इमारती मोजून काढल्या. सातशेहून अधिक मोठी रेखाटनं झाली. २०२४ मध्ये हा अक्ष जागतिक वारसा यादीत गेला त्यामागे हा साठा होता.

१९४९ मध्ये शहरं ताब्यात घेणाऱ्या साम्यवादी सैन्याच्या हाती देण्यासाठी लियांगच्या गटाने देशातल्या महत्त्वाच्या वास्तूंची यादी केली : ४५० नोंदी, वर्तुळांच्या खुणांनी दर्जे दिलेल्या. पहिली नोंद एखाद्या देवळाची नाही, अख्ख्या बीजिंग शहराची आहे. १९६१ मध्ये राष्ट्रीय संरक्षित वास्तूंची पहिली यादी निघाली त्यात १८० जागा होत्या. २०१९ च्या आठव्या यादीनंतर ही संख्या ५,०५८ झाली.

बीजिंगच्या बाबतीत मात्र यादी कमी पडली. १९५० मध्ये लियांग आणि चेन झानशियांग यांनी सुचवलं की नवी प्रशासकीय वसाहत जुन्या शहराच्या पश्चिमेला करावी आणि तटबंदीच्या आतलं शहर तसंच ठेवावं. प्रस्ताव फेटाळला गेला. तटबंदी टप्प्याटप्प्याने पाडली, शेवटचा मोठा भाग १९६० च्या दशकात भुयारी रेल्वेसाठी. १९६९ मध्ये शीझमन वेस पाडताना तिच्या पोटातून युआन काळातली, चौदाव्या शतकातली, आणखी एक वेस निघाली, तीही पाडली. १९५७ मध्ये पाडलेली योंगदिंगमन वेस २००४ मध्ये १९३७ च्या मोजणीचा आधार घेऊन पुन्हा बांधली. ती उपयोगी प्रतिकृती आहे. तिला जतन म्हणणं मात्र चूक आहे, कारण मोजणीत न आलेलं सगळं त्या जागेवरून कायमचं गेलं आहे.

बागा : जिथे माप अपुरं पडतं

बागांच्या अभ्यासाचा इतिहासही हरवलेल्या ग्रंथापासूनच सुरू होतो. जी चेंगने १६३१ मध्ये लिहिलेला आणि १६३४ मध्ये छापलेला 'युआन ये' चीनमध्ये जवळजवळ नाहीसा झाला होता, जपानमध्ये वाचला जात होता. १९३० च्या दशकात झूंच्याच वर्तुळाने तो परत छापला. भिंतींची नक्षी, दगडांची निवड, फरसबंदी यांबरोबर त्यातला कळीचा धडा आहे 'उसना देखावा' घेण्याचा. शांघायजवळच्या सुझोऊ शहरातल्या झुओझेंग बागेतल्या पाण्यावरून दूरचा उत्तर मंदिराचा मनोरा दिसतो, तो बागेच्या मालकीचा नाही, पण बागेचा भाग आहे. म्हणजे बाग जपायची तर कुंपणाबाहेरच्या इमारतींच्या उंचीवरही नियंत्रण हवं. सुझोऊच्या जुन्या शहरात ते ठेवलं गेलं.

तोंग जून १९३० च्या दशकात सुट्टीच्या दिवशी शांघायच्या आसपासच्या बागा पावलांनी मोजत फिरत. हस्तलिखित १९३७ मध्ये पुरं झालं, पुरात भिजलं, आणि १९६३ मध्ये छापून आलं. त्यातल्या कित्येक बागा तोवर उरल्या नव्हत्या. ल्यू दुनझेन यांनी १९५० च्या दशकात सुझोऊच्या बागा रीतसर मोजल्या. त्यांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९७९ मध्ये आलं. त्या वर्षांत सुझोऊच्या बागांची डागडुजी आणि अभ्यास हातात हात घालून चालले, म्हणून तिथले कारागीर टिकले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १९८१ मध्ये खुलं झालेलं अंगण वांगश बागेतल्या एका चौकावर बेतलेलं आहे. त्यासाठी सुझोऊहून २७ जण गेले, पण त्याआधी सुझोऊतच पूर्ण मापाचा नमुना बांधून पाहिला. सुझोऊच्या चार बागा १९९७ मध्ये आणि आणखी पाच २००० मध्ये जागतिक वारसा ठरल्या.

बागेत बिघाड कुठे होतो? झाडं वाढतात, हे पहिलं. दहा फुटी कृत्रिम डोंगर मोठा वाटावा म्हणून लावलेलं ठेंगणं झाड साठ वर्षांनी डोंगरालाच खुजं करतं, आणि त्याची मुळं दगड सरकवतात. छाटणीसाठी जुनी छायाचित्रं आणि चित्रं समोर लागतात. दुसरा बिघाड सांध्यांचा. मूळ सांधा चुन्यात भाताची चिकट पेज घालून, दगडाच्या आत लपवलेला असतो. घाईत सिमेंट थापलं की पांढऱ्या रेषा दिसतात, शिवाय ते दगडापेक्षा कठीण असल्याने पुढची भेग दगडात जाते. ह्वानश्यू बागेतला गो युलियांगचा डोंगर दगड एकमेकांत कमानीसारखे अडकवून रचला आहे. अशा जागी एक दगड काढून पुन्हा बसवणं म्हणजे शेजारच्या सगळ्यांचा तोल हलवणं. तळ्याचा गाळ काढतानाही काठाच्या दगडांचा पाया उघडा पडणार नाही इतकंच खोल जावं लागतं. सपाट नकाशात यातलं काहीच दिसत नाही. म्हणून दगडी डोंगराचे छेद अनेक बाजूंनी घेतात, आणि आता लेझर मोजणी खरी उपयोगी पडते ती इथे.

दुरुस्तीचे नियम आणि त्यामागचे वाद

लियांगचं मत होतं की जुन्या इमारतीचं आयुष्य वाढवावं, तिला तरुण करू नये. प्रत्यक्षात दोन्ही घडलं. नानचान मंदिराचं दालन ७८२ सालचं, म्हणजे वेरूळचं कैलास लेणं ज्या शतकात कोरलं गेलं त्याच शतकातलं. ते १९५३ मध्ये सापडलं. १९७४-७५ मध्ये त्याचा जीर्णोद्धार करताना नंतरच्या काळातली दारं-खिडक्या काढल्या, आणि जोत्याच्या उत्खननावरून आखूड झालेल्या वळचणी पुन्हा लांब केल्या. तर्क चांगला होता. पण मधल्या हजार वर्षांचा पुरावा त्यात गेला, आणि जे नवं बसवलं त्यातलं काही अंदाजाचं होतं. १९६१ चे नियम 'मूळ रूप परत आणणं किंवा आहे ते रूप राखणं' असे दोन्ही मार्ग देत होते. १९८२ च्या कायद्याने 'मूळ स्थिती न बदलणं' हे सूत्र धरलं, आणि २००० च्या राष्ट्रीय तत्त्वांनी (२०१५ मध्ये सुधारित) कमीत कमी हस्तक्षेपावर भर दिला.

या दोन टोकांमध्ये योंगले मंदिराचं उदाहरण निराळं आहे. सानमनश्या धरणाच्या पाण्यात जाणार म्हणून युआन काळातली त्याची दालनं १९५९ पासून उतरवून दुसरीकडे उभारली. सुमारे १,००० चौरस मीटर भित्तिचित्रं तुकडे कापून भिंतीपासून सोडवली आणि नव्या भिंतींवर बसवली. पर्याय नसताना काय करता येतं ते यातून कळतं. एरवी इमारत उतरवणं हा शेवटचा उपाय आहे. शतकानुशतकं दाबात राहिलेली कुसं (खाचेत बसणारी लाकडाची टोकं) सुटताना तुटतात, आणि चपटी झालेली कुसं परत खाचेत सैल बसतात.

नेहमीची दुखणी खांबाच्या पायाशी सुरू होतात. १९९२ च्या राष्ट्रीय तांत्रिक नियमावलीत (ती २०२० मध्ये बदलली) असं होतं : ३ मिमीपर्यंतची भेग पुट्टीने भरावी. ३ ते ३० मिमी असेल तर लाकडी पट्टी पाण्याला टिकणाऱ्या गोंदाने बसवावी. त्याहून रुंद असेल तर पट्टीबरोबर दोन-तीन लोखंडी पट्टे आवळावेत. पायाकडून चढलेली कूज खांबाच्या पाव उंचीपर्यंत असेल तर तेवढा भाग कापून नवा तुकडा जोडतात, हातभर लांबीच्या अर्ध्या-अर्ध्या सांध्याने, आणि वरून पट्टे. नव्या खांब-तुळईच्या लाकडात ओलावा २० टक्क्यांहून जास्त नको. नाहीतर ते आटतं आणि सांधा दोन-चार वर्षांत खिळखिळा होतो.

कुजण्याचं कारण बहुधा आधीच्या दुरुस्तीतच असतं. उत्तरेत खांब अर्धे भिंतीत बुजवलेले असतात, आणि त्यांना वारा लागावा म्हणून भिंतीत वर-खाली जाळीच्या विटा ठेवलेल्या असतात. गिलावा करताना त्या बुजवल्या की खांब आतून सडतो. डुकराचं रक्त, विटांची भुकटी, पीठ, तुंग तेल आणि ताग यांचं जाड अस्तर रंगाखाली देण्याची शाही रीत आहे. ते न सुकलेल्या लाकडावर चढवलं तर ओल आत कोंडते आणि बाहेरून चकचकीत खांब पोकळ होतो. छतावर कौलांखाली मातीचा जाड थर असतो. गवताची मुळं त्यात शिरली की पाणी मुरतं, आणि सगळ्यात आधी कोपऱ्याची वळचण खाली येते. वर्षातून एकदा गवत उपटून फुटकी कौलं बदलणं हे सगळ्यात स्वस्त जतन आहे, आणि तेच सगळ्यात आधी राहून जातं.

शान्शी प्रांतात याची किंमत दिसली. देशातल्या तेराव्या-चौदाव्या शतकाआधीच्या लाकडी इमारतींचा मोठा वाटा या कोरड्या प्रांतात आहे. २००८ पासून त्याच्या दक्षिण भागातल्या १०५ जुन्या वास्तूंची दुरुस्ती सरकारने हाती घेतली. तरी ऑक्टोबर २०२१ च्या संततधार पावसात प्रांतातल्या १,७०० हून अधिक वारसास्थळांना इजा पोचली. मातीच्या भिंती, तटबंद्या, छपरं बसली. कोरड्या हवेच्या भरवशावर उताराचे चर आणि गटारं न केलेली लहान जिल्हास्तरीय देवळं त्यात जास्त होती.

यिंगश्यानच्या मनोऱ्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. १९२६ आणि १९४८ च्या लढायांत त्याला तोफगोळे लागले. पण मोठं नुकसान १९३० च्या दशकात झालं. वरच्या मजल्यांवर खांबांमध्ये मातीच्या भिंती होत्या, आणि त्यांच्या पोटात तिरके टेके होते. गावकऱ्यांनी शोभेसाठी त्या भिंती काढून जाळीची दारं बसवली, आणि मनोऱ्याचा आडवा जोर पेलणारे टेके गेले. त्यानंतर दुसऱ्या मजल्याचे खांब कलू लागले. २००० नंतर तीन मार्ग पुढे आले : पूर्ण उतरवून पुन्हा जोडणं, वरचे मजले उचलून धरून दुसरा मजला दुरुस्त करणं, किंवा आहे तिथेच आतून आधार देणं. पहिल्यात पिचलेली लाकडं परत जुळतील याची खात्री नाही. दुसऱ्यात उचलताना भार कसा सरकेल ते सांगता येत नाही. तिसऱ्यात आधारामुळे कलण्याची दिशा बदलून तो भार दुसऱ्या खांबावर जाण्याचा धोका आहे. सध्या पर्यटकांना तळमजल्यापलीकडे सोडत नाहीत, आणि खांबांच्या कलण्याची नोंद उपकरणांनी ठेवली जाते. कोणताही मार्ग निवडला तरी आरंभीचा आकडा म्हणून १९३३ ची रेखाटनंच समोर ठेवावी लागतील, कारण भिंती जागेवर असतानाचा मनोरा मोजलेला आहे तो तेवढाच.